व्हेलिस्त्राचा पाणदरवाजा

सकाळपासून मालनताई तिसऱ्यांदा पायऱ्या उतरून नदीपर्यंत जाऊन आल्या. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले, आणि पायऱ्या रोमन लोकांनी घातलेल्या, एकेक वीतभर उंच आणि मधोमध झिजून खोलगट झालेल्या. हा उद्योग त्यांना कोणी सांगितला नव्हता. पण तंबूत बसवत नव्हतं, आणि नदीपाशी गेलं की वाटायचं, आपल्या माघारी तिकडे सगळं उरकून टाकतील.

"मावशी, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" केतकीनं काळ्या तंबूच्या फटीतून डोकं बाहेर काढलं. "इथं माझ्या यंत्राचं बाळंतपण चाललंय, आणि वेणा आल्यासारख्या येरझारा तू घालतेस."

"चहा हवाय मला."

"इथं चहा म्हणजे फुलांचा काढा. काल एक घोट घेऊन तोंड वाकडं केलंस."

"तोच दे."

केतकी म्हणजे मालनताईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. अंबाजोगाईला सुट्टीत आली की मावशीच्या पेटीतली खापरं अंगणात मांडून बसायची. ती पोर आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पदार्थविज्ञान करत होती, आणि तिनं बनवलेलं यंत्र पाहायला सोफियाहून दोन वाहिन्यांची माणसं आली होती. मालनताईंना इथं आणायचा हट्टही तिचाच. "तुझ्याच हाताखालचा मातीचा ठोकळा आहे, मावशी. तू नसलीस तर मजा काय?"

मजा! मालनताईंनी काढा घेतला, आणि कप हातात घेऊन पुन्हा उभ्या राहिल्या.

व्हेलिस्त्रा हे बल्गेरियाच्या उत्तर टोकाला, डॅन्यूबच्या काठावरचं जेमतेम नऊ हजार वस्तीचं गाव. एके काळी मात्र रोमन साम्राज्य इथं येऊन संपायचं. नदीच्या अलीकडे फरसबंद रस्ते, स्नानगृहं, धान्याची कोठारं; पलीकडे रान, आणि रानातून कधीही येऊ शकणारी माणसं. आधी सैन्यानं लाकडी कूड घालून छावणी टाकली. मग कूड जाऊन दगडी तट आला. तटाच्या आडोशाला सैनिकांच्या बायकापोरांची, भटारखानेवाल्यांची, चांभारांची, नावाड्यांची वस्ती झाली. पंचवीस वर्षं चाकरी करून सुटलेला सैनिक गावी परतायचा नाही, इथंच घर बांधायचा. दोनशे वर्षांत छावणीचं शहर झालं. शहराला चार दरवाजे होते, त्यातला सगळ्यात लहान नदीकडे उघडणारा. पाणी आणायला आणि होड्यांवरचा माल घ्यायला तो वापरायचे. तोच पाणदरवाजा.

या दरवाजावर पहारा होता पूर्वेकडून, सीरियाच्या बाजूनं आणलेल्या धनुर्धारी तुकडीचा. तीन पिढ्या ते दरवाजाजवळच्या बोळात राहिले. आपले वेगळे देव, आपली वेगळी भाकरी. तीन पिढ्यांनंतरही शहर त्यांना 'नवे लोक' म्हणायचं.

मग नदीपलीकडच्या गॉथ टोळ्यांचा शेवटचा वेढा पडला. पाणदरवाजा आतून माती भरून बुजवून टाकला गेला. तरीही शहर पडलं आणि जळालं. कसं पडलं, हे हजार-दीड हजार वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. १९८८ साली प्राध्यापक दानचेव यांनी ते शोधून काढलं. दरवाजातल्या मातीच्या भरावात वरच्या उजव्या बाजूला त्यांना एक तिरकी, भुसभुशीत पाचर सापडली. कोणीतरी भराव आतून उकरला होता, माणूस सरपटत जाईल एवढं भोक पाडलं होतं, आणि ठरलेल्या घटकेपर्यंत ते कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून पुन्हा माती लोटून वरून लिंपलं होतं. लिंपणात गवताच्या काड्या आणि लीद होती. लिदेनं भिंत लिंपायची रीत या मुलुखातली नव्हे, पूर्वेकडची, असं दानचेवांनी लिहिलं. म्हणजे दगा कोणी दिला ते उघड होतं.

पुस्तक गाजलं, शाळेच्या धड्यात गेलं. आता गावातल्या केबलच्या कारखान्यात नेपाळ, बांगलादेश, झारखंडकडची चारशे माणसं कामाला होती, आणि गाव त्यांच्या वस्तीला सरळ 'पाणदरवाजा' म्हणत होतं. त्यांच्या बायकापोरांना इथं आणून राहू द्यायचं की नाही, यावर पुढच्या महिन्यात गावाचा कौल होता. कालच मालनताईंनी भिंतीवर एक घोषणा वाचली होती. त्यांचं बल्गेरियन गंजलेलं होतं, पण एवढं समजलं: 'एकदा उघडला, पुन्हा नाही.'



"मालनो! ए मालनो! इकडे ये, तुझ्याशिवाय हे लोक यंत्राला हात लावू देत नाहीत!"

ही रादका, दानचेवांची मुलगी. सत्तरीची, अंगानं भरलेली, आवाज नदीपलीकडे रुमानियात ऐकू जाईल असा. गावच्या संग्रहालयाची प्रमुख. निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं, पण तिच्या जागी यायला कोणी तरुण माणूस या गावात टिकत नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षं दोघींची पत्रं चालू होती. मालनताईंच्या नवऱ्याच्या आजारपणात रादकानं दर आठवड्याला पत्र लिहिलं होतं, आणि रादकाचा नवरा दिमितर गेला तेव्हा मालनताई कर्ज काढल्यासारखी रजा काढून इथं महिनाभर राहून गेल्या होत्या.

तंबूत लाल दिव्याचा मंद उजेड होता. मधोमध, दरवाजाच्या दगडी कमानीखाली, तो ठोकळा उभा होता. उत्खननात एक शिस्त असते: सगळं उकरायचं नाही. थोडी माती जशीच्या तशी उभी ठेवायची, पुढच्या पिढीला अधिक चांगली हत्यारं मिळतील, ती पडताळून बघेल, म्हणून. तिला साक्षीची माती म्हणतात. दानचेवांनी १९८८ साली पाणदरवाजाच्या भरावाचा पुरुषभर उंच, दोन हात रुंद ठोकळा असा ठेवला, लाकडी पेटीत बंद केला आणि वरून वाळू भरली.

"बाबा म्हणायचे, हे आपल्यापेक्षा हुशार माणसासाठी ठेवतोय," रादका केतकीला म्हणाली. "ती हुशार बाई माझ्या मालनोची भाची निघाली. बघ, घरातच राहिलं."

केतकी हसली आणि पाहुण्यांना यंत्र समजावून सांगू लागली. यंत्राला तिनं मराठी नाव दिलं होतं, तिमिरमापक, आणि सोफियाची माणसं ते जीभ वळवून वळवून म्हणत होती.

वाळूचा प्रत्येक कण म्हणजे एक बारीक स्फटिक, ती सांगत होती. जमिनीखाली गाडला गेला की भोवतालच्या मातीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनांना ढकलत राहतो. ढकललेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या बारीक खळग्यांत अडकून बसतात. जितकी वर्षं अंधारात, तितके अडकलेले जास्त. कणावर पुन्हा प्रकाश पडला की ते सुटतात आणि सुटताना कण क्षणभर लुकलुकतो. त्या लुकलुकण्यावरून तो किती काळ अंधारात होता ते कळतं. हे शास्त्र जुनंच. तिनं पुढचं केलं होतं. सगळे खळगे सारखे नसतात. काही उन्हात सेकंदात रिकामे होतात, काहींना मिनिटं लागतात, काहींना भर दुपारचा तास. म्हणजे गाडला जाण्यापूर्वी कण किती वेळ आणि कसल्या उन्हात होता, तेही त्याच्या आत लिहिलेलं असतं. असे लाखो कण जागच्या जागी वाचले, की भरावातली एक टोपली दुसरीपासून वेगळी काढता येते. ही पहाटे ओतली, ही दुपारी. ही आतून, ही बाहेरून.

"पण वाचन एकदाच," केतकीनं बोट वर केलं. "वाचायचं म्हणजे प्रकाश टाकायचा, आणि प्रकाश टाकला की कण रिकामा. शिवाय प्रकाश काही आखलेल्या रेषेत थांबत नाही. माझी पट्टी वीतभर रुंद आहे. तिच्याखालचं वाचलं जाईल, पण आजूबाजूचा सगळा ठोकळा त्यात धुऊन निघेल. दुसरी संधी नाही. म्हणून पट्टी कुठे लावायची, ते रादकाआजींनी ठरवलंय."

रादकानं हात लांब करून दाखवलं. वर, उजवीकडे. बरोबर त्या पाचरीवर.

मालनताई एक पाऊल पुढे सरकल्या.

हे त्यांनी कसं लक्षात घेतलं नव्हतं? महिनाभर त्या स्वतःची समजूत घालत होत्या की यंत्र येईल, सगळा ठोकळा वाचेल, खरं आपोआप बाहेर पडेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. पण पट्टी तिथं लागली तर यंत्र सांगणार काय? ही माती अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी उन्हात होती. जग म्हणणार, दानचेवांनी पुरावा बनवला. आणि बाकीची माती, जिच्यात खरं काय घडलं ते होतं, ती त्याच प्रकाशात कायमची पुसून जाणार.

"दहा मिनिटं," केतकी म्हणाली. तिच्या मदतनीसानं पट्टीचे स्क्रू पिळायला घेतले.

"थांबा," मालनताई म्हणाल्या. मदतनीसाचा हात थांबला नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "थांबव ते, केतकी. सगळ्यांना बाहेर काढ. रादका, तू थांब."

१९८८ च्या सप्टेंबरात मालन पंचवीस वर्षांची होती. सरकारी शिष्यवृत्तीवर दानचेवांच्या हाताखाली शिकायला आलेली. अंबाजोगाईहून इतक्या लांब शिकायला गेलेली पहिली मुलगी, आणि परत पाठवली तर घरचे म्हणणार, आम्ही सांगत नव्हतो का. दानचेव चार दिवस सोफियाला गेले होते. जाताना म्हणाले, ताडपत्री काढायची नाही आणि जागा सोडायची नाही. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं म्हणून तिनं ओली ताडपत्री काढून वाळत टाकली. मग रादका आली, लाल फुलांचा झगा घालून. शेजारच्या गावची जत्रा होती, बँड होता, चल ना गं, तासाभरात येऊ. मालन गेली. तासाभरात आकाश काळं झालं. रादका दिमितरबरोबर नाचत होती, तिचं लक्ष नव्हतं. मालन एकटीच तीन मैल पळत आली.

ठोकळ्याचा वरचा उजवा कोपरा ढासळून खाली चिखलात पडला होता. पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं. तिनं काय केलं? अंबाजोगाईची कुठलीही पोर करील तेच केलं. माती गोळा केली, परत जागेवर लोटली, दाबली. मग भिंत पुन्हा पडू नये म्हणून सारवली. शेण नव्हतं, माती वाहणाऱ्या गाडीचा घोडा होता, त्याची लीद होती. लीद, चिखल आणि पाणी कालवून तिनं तळहातानं अर्धवर्तुळं काढत सगळा कोपरा गुळगुळीत केला. आई दर शनिवारी करायची तसा. इतकं सुरेख जमलं की तिला क्षणभर बरंच वाटलं.

चार दिवसांनी दानचेवांनी लोखंडी करणीनं ठोकळ्याचा दर्शनी भाग खरवडला. पाचर पाहिली. काड्या पाहिल्या. त्यांनी तिचं कपाळ चुंबलं आणि म्हणाले, "मुली, तू हे किती जपलंस!" तेव्हा तिनं सांगायला हवं होतं. ती उद्या सांगू म्हणाली. मग लेख छापून आला, मग पुस्तक, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

हे सगळं मालनताईंनी मोडक्यातोडक्या बल्गेरियनमध्ये सांगितलं, उभ्यानं, कप हातात घट्ट धरून. केतकी यंत्राजवळ खिळून उभी होती. भाषा तिला येत नव्हती, पण 'अंबाजोगाई' ऐकून आणि मावशीच्या तळहाताची ती गोल गोल फिरणारी खूण बघून तिला बरंच समजलं.

रादका पालथ्या बादलीवर बसली.

"तू जत्रेतून न सांगता गेलीस," ती म्हणाली. "मला वाटलेलं, दिमितरनं तुला नाचायला विचारलं नाही म्हणून रुसलीस. अठ्ठेचाळीस वर्षं मला तेच वाटत होतं. वाईट वाटायचं तुझ्यासाठी."

"रादका..."

"गप्प बस. बाबा गेले तेव्हा ते पुस्तक उशाशी होतं. तू होतीस तिथं! तू त्यांना सूप भरवत होतीस!"

"होते."

"चमचा धरवत होता तुला?"

 

रादका उठली, ठोकळ्यापाशी गेली आणि त्याला पाठ करून उभी राहिली. मग केतकीला तिनं इंग्रजीत, तोडून तोडून विचारलं, "चांगली माती कुठे आहे?"

केतकीनं मावशीकडे पाहिलं. मालनताईंनी कप खाली ठेवला आणि डावीकडे, कमानीच्या दगडाला चिकटून, बोट ठेवलं. "इथं. इथं पाणी पोचलं नव्हतं. मला नक्की माहीत आहे."

"मावशी," केतकी मराठीत हळूच म्हणाली, "इथं लावली तर तुझं सारवणही पुसलं जाईल. तू केलंस याला पुरावा उरणार नाही. नुसता तुझा शब्द."

"लाव."

वाचनाला तीन तास लागले. मालनताई पुन्हा पायऱ्या उतरल्या, पुन्हा चढल्या. रादका तंबूच्या दाराशी स्टुलावर बसून होती, आणि त्या जवळून गेल्या की मान दुसरीकडे वळवत होती. एकदा त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. रादकानं तो घेतला, आणि न पिता जमिनीवर ठेवला.

दुपारी केतकीनं दोघींना आत बोलावलं. पडद्यावर मातीची वीतभर पट्टी पुरुषभर मोठी होऊन दिसत होती. पहाटेच्या आणि सांजेच्या टोपल्या निळ्या, दुपारच्या केशरी. खालपासून सुमारे साठ टोपल्या निळ्या, सगळ्या शहराच्या बाजूनं ओतलेल्या. वेढा घालणाऱ्यांना दिसू नये म्हणून उजेड कमी असताना काम केलं असणार. कुठेही उकरल्याची खूण नव्हती. आणि अगदी वर, कमानीच्या पोटाशी, अकरा टोपल्या केशरी.

"या वेगळ्या आहेत," केतकी म्हणाली. "ही शहरातली माती नाही, नदीची वाळू आहे. भर दुपारी ओतलेली. आणि ओतल्याचा उतार उलटा आहे, आजी. शेवटची फट बाहेरून बुजवलीय."

"बाहेरून कोणी? गॉथांनी?" रादकानं विचारलं.

"त्यांना आत यायचं होतं. ते कशाला बुजवतील?"

मालनताईंच्या डोळ्यांपुढे ते आलं: तटाबाहेरचा तो अरुंद काठ, पाठीमागे नदी, ऊन, आणि पाटीत वाळू भरून आपल्याच शहराच्या दरवाजाला लावणारी काही माणसं. वरून बाणांची भीती, मागून बाणांची भीती.

"घालवून दिलं असेल त्यांना," रादका म्हणाली. "शहरानं सांगितलं असेल, तुम्ही नवे लोक, तुम्ही बाहेर."

"किंवा आपणहून राहिले असतील."

"तुझं यंत्र काय म्हणतं, मुली?"

"माझं यंत्र ऊन किती होतं ते सांगतं," केतकी म्हणाली. "ती कोण होती आणि का राहिली, ते नाही सांगत. मी त्यात भर घालणार नाही. एवढंच नक्की की हा दरवाजा उघडलेला नाही. शहर दुसऱ्या कुठून तरी पडलं."

चार वाजता कमानीसमोर लोक जमणार होते. त्याआधी रादकानं मालनताईंना भिंतीच्या सावलीत गाठलं.

"मी सांगणार आहे की बाबांची चूक झाली. पावसानं ढासळलेली माती त्यांना जुनी खूण वाटली. बास."

"आणि लीद?"

"घोडे तिथं होतेच. मालनो, नीट ऐक. मला तुझा इतका राग आलाय की तुला त्या नदीत ढकलावंसं वाटतंय. पण पुढच्या महिन्यात कौल आहे. मी जर सांगितलं की पूर्वेकडून आलेल्या एका बाईनं या दरवाजात आम्हाला फसवलं, तर हे लोक काय म्हणतील? म्हणतील, बघा, पुन्हा तेच. तू परवा विमानात बसशील. ती चारशे माणसं इथं आहेत. तेव्हा तोंड मिटून खुर्चीवर बस."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मालनताई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या. अठ्ठेचाळीस वर्षांनी त्यांना कोणीतरी गप्प राहायला सांगत होतं, आणि तेही चांगल्या कारणासाठी. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खुर्चीत त्यांना स्वस्थ बसवेना.

शंभरेक माणसं आली होती. शाळेचे शिक्षक, दुकानदार, पेन्शनर, आणि मागे झाडाखाली कारखान्याच्या निळ्या कपड्यांतली पाचसहा माणसं, जरा अंतर ठेवून. केतकीनं चित्र दाखवलं. रादकानं तिचं म्हणणं बल्गेरियनमध्ये सांगितलं. मग ती म्हणाली, "माझ्या वडिलांची चूक झाली."

गर्दीत कुजबुज उठली. पेन्चो नावाचा एक निवृत्त मास्तर काठी टेकत उभा राहिला.

"चूक? रादका, चाळीस वर्षं मी पोरांना हे शिकवलं. तुझा बाप एवढा मोठा पंडित. पावसानं ढासळलेली माती त्याला कळली नाही? का नावासाठी आपल्या हातानं बनवलं सगळं?"

"बनवलं नाही," रादका म्हणाली.

"मग लीद कुठून आली? बापानं घोड्याला शिडी लावून वर चढवला होता का?"

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, पर्यटक यावेत म्हणून केलं असणार. रादकाची मान खाली गेली. तिचा तो रुमानियापर्यंत पोचणारा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ती कागदाची घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा करत होती. मालनताईंनी तिला एवढं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. बाप गेला तेव्हाही नाही.

त्या उठल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "लीद मी लावली."

रादकानं डोळे मिटून घेतले.

मालनताईंनी सगळं सांगितलं. क्रियापदं चुकत होती, तरी थांबल्या नाहीत. ताडपत्री, पाऊस, ढासळलेला कोपरा. हात वर करून त्यांनी हवेत सारवून दाखवलं, कारण त्या शब्दाला बल्गेरियनमध्ये काय म्हणतात ते त्यांना कधीच कळलं नव्हतं. "प्राध्यापकांनी काही बनवलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तेवढीच त्यांची चूक."

"आणि तू सांगितलं का नाहीस?" मास्तर ओरडला.

"भ्याले. आधी शिष्यवृत्ती जाईल म्हणून. मग तुम्ही सगळे मला चांगलं म्हणत होतात, म्हणून."

"म्हणजे पूर्वेकडचीच निघाली दगाबाज!" मागून कोणीतरी म्हणालंच.

"हो," मालनताई म्हणाल्या. त्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. "मी निघाले. एक मी. माझं नाव मालन सोनपेठकर, गाव अंबाजोगाई. लिहून घ्या आणि त्या भिंतीवर माझं नाव लिहा. त्या धनुर्धाऱ्यांचं पुसा. त्यांनी काही केलं नाही. आणि ते झाडाखाली उभे आहेत ना, त्यांनीही नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मास्तर काठीवर भार देऊन खाली बसला. काही लोक उठून गेले. जाताना एका बाईनं मालनताईंच्या पायाजवळ थुंकल्यासारखं केलं. दुसरीनं, का कोण जाणे, त्यांच्या दंडाला हात लावला. झाडाखालची माणसं त्यांच्याकडे बघत होती, पण जवळ कोणी आलं नाही. वाहिनीची माणसं केतकीभोवती जमली. यानं कौल कुठे झुकेल ते कोणालाच सांगता आलं नसतं.

खुर्च्या गोळा व्हायला लागल्या. रादका एकावर एक खुर्च्या रचत होती, मालनताईंकडे बघत नव्हती. मालनताईंनी दोन खुर्च्या उचलून तिच्या चळतीवर ठेवल्या.

"तुला बस म्हटलं होतं," रादका म्हणाली.

"हो."

"कौल फिरला तर तुझ्यामुळे."

"हो."

"उद्या नवा फलक लिहायचाय. त्यात तुझं नाव घालणार. लीदसुद्धा घालणार."

"घाल."

"आज जेवायला येऊ नकोस. तुझं तोंड बघवणार नाही मला."

"बरं."

रादकानं आणखी चार खुर्च्या रचल्या. मग कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि नदीकडे बघत म्हणाली, "परवा सकाळी ये. हिवाळ्यासाठी ढोबळ्या मिरच्या भाजायच्यात, दोन पोती. सोलायला दोन माणसं लागतात."

"परवा माझं विमान आहे, रादका."

"मग विमानवाल्यांना सांग, मालनोला वेळ नाही."